एनबीए ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडताना टॅलेंट बघावं की जिद्द?

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिथल्या संघांनी दर वर्षी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडणं. तुम्ही प्रश्नात दोन मुलं उभी केली आहेत. एकाच्या अंगात उपजत गुण ठासून भरलेत, पण सरावाचा कंटाळा. दुसरा गुणांनी बेताचा, पण जीव तोडून खेळणारा. संघाने कोणाला घ्यावं, असं विचारलंय. झटपट उत्तर हवं असेल तर देतो: पहिल्या पाचात निवड असेल तर पहिला, पंचविसाव्या क्रमांकाला असेल तर दुसरा. पण एवढ्यावर थांबलो तर तुमची फसवणूक होईल, कारण ड्राफ्टच्या रात्री खरी पंचाईत असते ती 'आळशी कोण आणि जिद्दी कोण' हे ठरवण्याचीच. तिथे भलेभले आपटलेत. त्यांच्या मागोमाग मीही.

मला एक खोड आहे. गेली बरीच वर्षं दर जूनमध्ये ड्राफ्टच्या आधी मी वहीत माझी स्वतःची क्रमवारी लिहून ठेवतो आणि पाचएक वर्षांनी ते पान उघडून स्वतःची लाज काढतो. २०१२ च्या पानावर दुसऱ्या क्रमांकाला मायकल किड-गिलख्रिस्टचं नाव आहे, लाल पेनने दोनदा अधोरेखित. शेजारी लिहिलंय, 'हा मुलगा वाया जाणार नाही.'

आणि तसं वाटायला कारणं होती. केंटकी विद्यापीठ त्या वर्षी राष्ट्रीय विजेतं ठरलं. त्या संघात सकाळी लवकर उठून जादा सराव करायची टूम याच मुलाने काढली होती. सामन्यात तर तो चेंडूमागे असा धावायचा की बघणाऱ्यालाच दम लागावा. स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी मंडळी, याला 'मोटर' म्हणतात, आणि याची मोटर कधी बंद पडतच नव्हती. स्वभाव नम्र, सगळे प्रशिक्षक खूश. शार्लटने त्याला खरोखरच दुसऱ्या क्रमांकावर घेतला. पहिला अँथनी डेव्हिस, तोही केंटकीचाच. एकाच विद्यापीठाचे दोघे पहिल्या दोन क्रमांकांवर, हे त्याआधी कधी झालं नव्हतं.

अडचण एकच होती, त्याचा जंप शॉट, म्हणजे उडी मारून लांबून टाकायचा शॉट. तो आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. कोपर वाकडं बाहेर निघायचं आणि चेंडू हातातून सुटायच्या ऐन वेळी मध्येच एक गचका बसायचा, चालत्या गाडीने खड्ड्यात आदळावं तसा. मी म्हटलं, एवढा मेहनती पोरगा, शॉट काय, शिकेल की! शार्लटने त्याच्यासाठी मार्क प्राइससारखा शिक्षक लावला. प्राइसचे स्वतःचे कारकिर्दीत ९० टक्क्यांहून जास्त फ्री थ्रो (फाउल झाल्यावर रेषेवरून मिळणारे मोकळे शॉट) लागलेले. पोराने कष्ट केले, गचका बराच कमीही झाला, पण बाहेरून टाकणारा खेळाडू काही तो झाला नाही. मध्ये खांद्याच्या दुखापती आल्या. त्याच काळात सगळा एनबीए तीन गुणांच्या शॉटच्या मागे लागला. उत्तम बचाव करत असूनही सत्ताविशीच्या आतच त्याचं एनबीएतलं खेळणं संपलं. त्याच ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकाला गेलेला डेमियन लिलार्ड माझ्या वहीत अकरावा होता. वेबर स्टेटसारख्या छोट्या विद्यापीठातून आलेला म्हणून.

त्या पानाने मला एक गोष्ट शिकवली. मेहनत करणं आणि मेहनतीतून बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. किड-गिलख्रिस्टकडे पहिलं भरपूर होतं. दुसरं, म्हणजे शरीराला नवी सवय लावून ती दबावाखाली टिकवणं, ही मला तरी जिद्दीपेक्षा टॅलेंटचीच एक जात वाटते. तुमच्या प्रश्नातले दोन्ही शब्द इथे एकमेकांत मिसळतात.

आता उलटं उदाहरण बघा. कवाय लेनर्ड २०११ मध्ये पंधराव्या क्रमांकावर गेला. इंडियानाने त्याला निवडलं आणि लगेच जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनियोला देऊन टाकलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याचे तीन गुणांचे शॉट जेमतेम २९ टक्के लागत होते. एनबीएतल्या पहिल्याच मोसमात तो आकडा ३७ टक्क्यांच्या वर गेला. सॅन अँटोनियोकडे चिप एंगलँडसारखा शॉट दुरुस्त करणारा कारागीर होता हे खरं, पण कारागिराला लाकूडही तसंच लागतं. लेनर्डचे हात अवाढव्य आणि डोकं थंड, शिवाय सांगितलेलं मुकाट्याने करायची सवय. मुलाखतीत मात्र त्याच्या तोंडून एक वाक्य सरळ निघत नाही. नुसत्या बोलण्यावरून जिद्द मोजायला बसलो असतो तर मी त्याला तळाला टाकलं असतं.

डेनिस रॉडमनची गोष्ट तर त्याहून भारी. शाळेत असताना उंची बेताची, पुढे डलासच्या विमानतळावर झाडलोटीचं काम, मग अचानक उंच झाला आणि १९८६ मध्ये दुसऱ्या फेरीत, २७ व्या क्रमांकावर डेट्रॉइटकडे गेला. सहकारी सराव करताना हा बाजूला उभा राहून प्रत्येकाच्या शॉटचा चेंडू हवेत किती फिरतो आणि रिंगवर आपटून कुठे उडतो, हे बघत बसायचा. सलग सात मोसम तो रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यात, लीगमध्ये पहिला आला. त्याच्या वागण्याबद्दल लोकांनी काय काय बोलावं आणि त्याने काय काय करावं, त्याला सुमार नाही. पण जे त्याला करायचं होतं त्यात असा हट्टी अभ्यास क्वचित दिसतो. ड्राफ्टच्या आधी हे कोणत्या चाचणीत दिसलं असतं? कोणत्याच नाही.

'आळशी' या शिक्क्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तो फार स्वस्तात मारला जातो.

२०१३ मध्ये क्लीव्हलँडने पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेटला घेतलं. पोरगा आला तो वजन वाढवून. पहिल्या चार सामन्यांत त्याला एकही फील्ड गोल (चालू खेळातला बास्केट) करता आला नाही, मोसमाची सरासरी ४.२ गुण. सगळीकडे टिंगल झाली, मीही केली. ड्राफ्टच्या तोंडावरच त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे तो उन्हाळाभर धड सराव करू शकला नव्हता, हे माहीत असून कोणी मनावर घेतलं नाही. त्याला झोपेत श्वास अडकण्याचाही त्रास होता. ज्याची झोपच नीट होत नाही तो चौथ्या क्वार्टरमध्ये धावणार कसा? हे सगळं सुटूनही तो मोठा खेळाडू झाला नाही, ते वेगळं. पण मी वहीत 'भूक नाही' असं लिहिलं होतं, ते चूक होतं.

मार्केल फुल्ट्झचं त्याहून वाईट. २०१७ चा पहिला क्रमांक, कॉलेजात सुरेख शॉट, आणि फिलाडेल्फियात आल्यावर शॉटच हरवला. 'डोक्यात गेलंय', 'मन लागत नाही', काय काय निदानं झाली. २०१८ च्या अखेरीस कळलं की मान आणि खांद्याच्या मधल्या भागात नसा दाबल्या जाण्याचा विकार होता.

आणि त्याच फिलाडेल्फियाचा बेन सिमन्स, २०१६ चा पहिला क्रमांक. २०२१ मध्ये प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) मालिकेत अटलांटाविरुद्धचा निर्णायक सातवा सामना, संघ दोन गुणांनी मागे, साडेतीन मिनिटं उरलेली. सिमन्स वळसा घेऊन बास्केटखाली आला. समोर होता फक्त ट्रे यंग, त्याच्यापेक्षा बराच बुटका. नुसता हात वर करून चेंडू आत कोंबायचा होता. त्याने पास दिला. मॅटिस थायबुलवर फाउल झाला, त्याचा दोनपैकी एकच फ्री थ्रो लागला, आणि पुढे सामनाही हातचा गेला. त्या प्लेऑफमध्ये सिमन्सचे ७३ फ्री थ्रोंपैकी २५च लागले होते. मला विचाराल तर त्या क्षणी तो आळशी नव्हता, फाउल होऊन रेषेवर उभं राहावं लागेल याची त्याला धास्ती होती. पण ही धास्ती एका रात्रीत आलेली नव्हती. शॉट सुधारायचा प्रश्न तो कॉलेजपासून टाळत आला होता आणि बाकी गुण इतके होते की टाळणं खपून गेलं. अफाट टॅलेंटचा हा तोटा आहे, त्याच्या आडोशाला एखादी उणीव वर्षानुवर्षं सुखाने राहते.

मग बघायचं काय? माझ्यापुरतं सांगतो. मी ठळक क्षणांचे व्हिडिओ बघणं सोडून दिलंय. पूर्ण सामना लावतो आणि चेंडू जिथे नाही तिथे बघतो. पोराच्या हातून चेंडू गेला की पुढच्या तीन सेकंदांत तो काय करतो? दोन्ही हात पसरून पंचांकडे बघतो की वळून धावतो? बाहेर बसवलेला असताना संघाने टाइमआउट घेतला, तर प्रशिक्षकाच्या गोलात डोकं घालतो की टॉवेल डोक्यावर घेऊन बसतो? मोसमाच्या सुरुवातीचा, नोव्हेंबरचा सामना आणि मार्चमधला सामना शेजारीशेजारी लावतो. नोव्हेंबरमध्ये ज्या चालीत तो फसत होता त्यात मार्चमध्येही फसत असेल तर मला काळजी वाटते, मग तो कितीही घाम गाळो. फ्री थ्रोचे दोन-तीन वर्षांचे आकडे बघतो, कारण तिथे अंगावर कोणी येत नाही, सुधारणा झाली असेल तर ती त्याची स्वतःची. आणि वय. एकोणीस वर्षांच्या मुलाची आणि बावीस वर्षांच्या मुलाची तीच कामगिरी ही तीच कामगिरी नसते.

मुलाखतींवर माझा फारसा विश्वास नाही. पोरांना एजंट पढवून पाठवतात. २००१ मध्ये क्वामे ब्राउनने वॉशिंग्टनला शब्द दिला होता, मला घ्या, पश्चात्ताप होणार नाही. तेव्हा तिथला कारभार मायकल जॉर्डनच्या हाती. थेट शाळेतून पहिल्या क्रमांकावर गेलेला तो पहिला खेळाडू. बारा मोसम तो एनबीएत टिकला, पण सरासरी सात गुणांच्याही खालीच राहिली. शब्द देताना तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्या वयात आपण सगळेच असं बोलतो.

चेहऱ्यावरची भूक हा तर निव्वळ भ्रम. निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर गेला, तेव्हा तो घरी झोपला होता आणि टीव्हीवर जाहिरात चालू होती. अंगाने थुलथुलीत, उडी नावालाच, कोकाकोलाचा शौकीन. २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिल्यावर त्याच्या बोलण्याचा सूर काय, तर काम झालं, आता घरी जाऊ. त्याचा जीव रमतो घोड्यांत. तरीही तीनदा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. त्याच सर्बियातून २००३ मध्ये दार्को मिलिचिच दुसऱ्या क्रमांकावर गेला होता, कार्मेलो अँथनी, क्रिस बॉश आणि ड्वेन वेड या तिघांच्याही आधी. बास्केटबॉल सोडल्यावर त्याने सफरचंदाच्या बागा लावल्या आणि आपली वृत्तीच तेव्हा चुकीची होती हे मोकळेपणाने कबूल केलं. ड्राफ्टच्या दिवशी या दोघांपैकी कोणाचे डोळे जास्त चमकत होते यावर मी पैज लावली असती तर हरलो असतो.

अजून एक बाजू राहिली: जिद्द ही खेळाडूच्या खिशात असलेली ठरावीक रक्कम नव्हे, कुठे गेला त्यावर ती वाढते-घटते. २०१४ चा पहिला क्रमांक अँड्र्यू विगिन्स. क्लीव्हलँडने त्याला आणि बेनेटला एकाच सौद्यात केव्हिन लव्हसाठी मिनेसोटाला दिलं. दोन वर्षांचे दोन पहिले क्रमांक एका झटक्यात! मिनेसोटात विगिन्सकडून मुख्य खेळाडू होण्याची अपेक्षा होती आणि 'याला मन नाही' हे पालुपद पाच-सहा वर्षं चाललं. गोल्डन स्टेटमध्ये गेल्यावर काम बदललं: समोरच्या सर्वांत धोकादायक माणसाला रोख, रिबाउंड घे, उरलेलं स्टीफन करी बघेल. २०२२ च्या फायनलच्या पाचव्या सामन्यात त्याने २६ गुण आणि १३ रिबाउंड काढले, वर जेसन टेटमला रोखायचं काम होतंच. माणूस तोच.

म्हणून क्रमांकाचा मुद्दा. वरच्या निवडीत संघ एक आधारस्तंभ शोधत असतो, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? तिथे गुण कमी असलेला मेहनती मुलगा घेणं म्हणजे नोकरी वाचवणं, संघ घडवणं नव्हे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या कराराची पहिली दोन वर्षं पक्की असतात, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. म्हणजे गुणी पण ढिल्या पोराला वळण लावायला फार तर दीड-दोन वर्षं हातात. वळण लावणारी माणसं संघात नसतील तर तो जुगार खेळूच नये. खाली, पंचविसाव्या क्रमांकानंतर, मोठे गुण उरलेलेच नसतात. तिथे एक काम चोख करणारा आणि दर वर्षी त्यात थोडी भर घालणारा मुलगा सोन्यासारखा. ड्रेमंड ग्रीन मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षं काढून ३५ व्या क्रमांकावर मिळाला होता.

तुमच्या त्या दोघांची नावं तुम्ही दिलेली नाहीत. खरे खेळाडू मनात असतील तर कॉमेंटमध्ये लिहा. विशेषतः पहिल्याला कंटाळखोर कोणी ठरवलं, त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाने की टीव्हीवरच्या तज्ज्ञाने, आणि त्याचे गेल्या दोन वर्षांचे फ्री थ्रो किती टक्के आहेत, तेवढं सांगा. या वर्षीचं पान अजून कोरं आहे.