विचारलेल्याचं उत्तर देऊ देऊ नकोस

प्रिय पोरी,

कथा वाचली. संवाद वऱ्हाडीत ठेवू की प्रमाण मराठीत, असं विचारलंस. वऱ्हाडी आली की वाचक हसतात, असं कोणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. हसू दे. तुझा घोळ भाषेचा नाहीच. नागपूरच्या महाल भागातल्या घराची वाटणी चाललीय आणि मोठा भाऊ म्हणतो, "बाबांचं तुझ्यावर जास्त प्रेम होतं, याचं मला कायम दुःख वाटलं." हे वऱ्हाडीत लिहिलंस तरी खोटंच. वाटणीला बसून कोण असं बोलतं?

तो कूलरवर येईल. "कूलर तुह्याच खोलीत लागला होता." धाकटा यावर हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. म्हणेल, "अन् पाणी कोण भरे त्याच्यात?" बस. मे महिना, बाप, बादल्या, कोणाची परीक्षा आणि कोणाची राबणूक, सगळं आलं. बाबांचं नावही निघालं नाही.

पात्राला विचारलेल्याचं उत्तर देऊ देऊ नकोस. माणूस उत्तर टाळून जिकडे पळतो, तिकडे तो सापडतो. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' नाटकात (१९८५) घरातला कर्ता गेलाय, आणि त्याची म्हातारी आई किती वाजले हेच विचारत राहते. तिच्या तोंडी शोकाचं भाषण घालून बघ. नाही जमणार.

आणि ते 'रागाने म्हणाला', 'खिन्नपणे उत्तरली' आधी खोड. किती वेळा सांगायचं?

भाषा त्यानंतर. तुझा मोठा भाऊ दलालाशी हिंदीत बोलेल, बँकेत पुस्तकी मराठीत, आईशी "काऊन वो आई". कुठे बदलतो ते ऐक, तीही पळवाटच.

माझ्या एका कथेतली बाई घरात वऱ्हाडी बोलते, पण नवऱ्याचा राग आला की एकदम शुद्ध बोलायला लागते. तिची दहावी झालीय, त्याची नाही. नवरा विचारतो जेवायला काय आहे, आणि ही व्याकरणासकट उत्तर देते. संपादकांनी सगळेच संवाद शुद्ध केले, 'महाराष्ट्रभर कळावेत' म्हणून. मी कथा परत मागवली. छापली असती तर पुढची दारं उघडली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. मित्र हेकट म्हणतात. असेन. पण सगळंच शुद्ध झाल्यावर त्या बाईनं भांडायचं कशानं? माझं अजून तेच म्हणणं आहे, आणि ती कथा अजून कपाटात आहे. तुझी तिथे जाऊ नये असंही वाटतं, म्हणून एवढा चिडतोय.

दुसरा खर्डा कर. दोघा भावांना आईसमोर बसव, आणि घर हा शब्द कोणालाच उच्चारू देऊ नकोस. मोठ्या वहिनीचंही बघ. चार पानं ती नुसती चहा देतेय. तिला पहिलं वाक्य सापडलं की मला फोन कर, उन्हं उतरल्यावर.

तुझा,
काका