आप्पांची बुलेट कापावी की नवी जीटी घ्यावी?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातला केळी उत्पादक, वय 34, सात एकर बागायत. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे, हातात 46 हजार पडतात, खोलीभाडं 11 हजार. आमचं घर एकत्र. यंदा कांदेबागेला (थंडीच्या तोंडावर लावलेल्या केळीला) भाव बरा लागला, पीककर्ज फेडून साडेतीन लाख शिल्लक राहिले. आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची 1979 ची बुलेट 350 शेडमध्ये उभी आहे. तिचा कॅफे रेसर (वाकून चालवायची, रेसच्या घाटाची गाडी) करायचा, खर्च निम्मा-निम्मा, असं दोघांनी ठरवलं. नाशिकच्या कारागिरानं 1 लाख 60 हजार सांगितले. मग आमचं जुळेना. मला काळी टाकी, खाली वाकलेलं क्लिप-ऑन हँडल, मागे कुबड असलेली एकेरी सीट हवी, मडगार्ड नको. त्याला तपकिरी चामड्याची लांब सीट, जाडे टायर आणि सायलेन्सरला पट्टी गुंडाळलेली हवी. दोघांचा मेळ घालता घालता आकडा 2 लाख 10 हजारांवर गेला, ॲडव्हान्स 80 हजार. आता भाऊ म्हणतो, ‘दादा, तुनी गाडी ना जुनी राही ना नवी. त्यापेक्षा तयार काँटिनेंटल जीटी 650 घेऊ.’ ती रॉयल एनफील्डचीच, ऑन-रोड 4 लाख 20 हजार. दीड लाख घरातून द्यायचे, बाकी त्याच्या नावावर कर्ज. कमी पडलं तर नवं पीककर्ज मिळणारच आहे. घरात आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी. एक बहीण शिरपूरला दिलेली. भावासाठी स्थळं बघतोय. काय करावं?

उत्तर : भाऊ, आधी निकाल सांगतो, कारणं मागून. कारागिराला 80 हजार देऊ नका. जीटीसाठी घरातले दीड लाखही काढू नका. आणि पीककर्जाचा तर या विषयात उच्चारही नको.

तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा 2 लाख 10 हजार हा नाही. 1 लाख 60 हजारांचे 2 लाख 10 हजार होताना वर चढलेले 50 हजार, तो खरा आकडा. या पैशात इंजिन सुधारलं नाही, ब्रेक सुधारले नाहीत. दोन भावांच्या दोन आवडी एकाच फ्रेमवर बसवायची ती किंमत आहे, आणि तयार होणारी गाडी तुम्हालाही पुरती आवडणार नाही आणि त्यालाही नाही. काम सुरू झाल्यावर हा वाद थांबेल असं समजू नका. टाकीचा रंग, आरशांची जागा, इंडिकेटर कुठे, प्रत्येक ठिकाणी फोन होणार आणि प्रत्येक फोनमागे बिल वाढणार. निम्मे पैसे ज्याचे, त्याला निम्मं बोलायचा हक्क असतोच.

कस्टम गाडीचा हिशोब इतर गाड्यांसारखा चालत नाही. स्प्लेंडर विकायला काढली तर घेणारे गावात दहा सापडतात, कारण ती सगळ्यांच्या कामाची. तुमच्या आवडीनं बांधलेला कॅफे रेसर विकायचा तर हुबेहूब तुमच्याच आवडीचा, तुमच्याच उंचीचा आणि खिशात पैसे असलेला माणूस शोधावा लागतो. या छंदात आवडींचे तट किती पक्के आहेत हे तुमच्या घरातच दिसलं. एक गट 1960 च्या इंग्लंडच्या पलीकडे काही मानत नाही, त्याला जाडे टायर आणि पट्टी गुंडाळलेला पाईप म्हणजे थट्टा वाटते. दुसऱ्याला गाडी फोटोत देखणी दिसली की पुरे. तिसऱ्याच्या मते जुन्या बुलेटला ग्राइंडर लावणं हेच पाप. यातला कोण बरोबर, हे ठरवणं माझं काम नाही. पण रंग, सीट, टाकीचा घाट यांवर ओतलेला पैसा विमा कंपनी मोजत नाही, बँक मोजत नाही आणि दुसऱ्या तटातलं गिऱ्हाईक तर उलट त्यापायी भाव पाडतं. म्हणून हे 2 लाख 10 हजार खर्च झाले की गेले, असंच धरायचं. मुलीच्या वाढदिवसाचा खर्च कोणी परत मागत नाही, तसे. तेवढे घालवायची तुमची आज ऐपत आहे का, इतकाच प्रश्न उरतो.

कॅफे रेसरचा जन्म कसा झाला हे भावाला एकदा सांगा, त्यालाही गंमत वाटेल. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे नावाचं हॉटेल 1938 पासून होतं. महायुद्धानंतर तिथे जमणारी पोरं काही श्रीमंत नव्हती. गाडीवरचं जे जे काढता येईल ते काढून वजन कमी करायचं, हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे घ्यायचे, म्हणजे वाकून वारा कापता येतो. ध्येय एकच, ताशी 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर. ज्यांना परवडे ते नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवत आणि तिला ट्रायटन म्हणत. जे गाडीला नको ते उतरवायचं, यातून हा घाट आला. तुमच्या एस्टिमेटमध्ये मात्र जवळपास प्रत्येक ओळ काहीतरी चढवणारी आहे. आणि आप्पांच्या बिडाच्या इंजिनाची ताकद साधारण 18 अश्वशक्ती. हँडल कितीही खाली घेतलं तरी ती 160 ला जाणार नाही. वैशाखात अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर खड्डे चुकवत, सगळा भार मनगटावर घेऊन यावलपर्यंत जाऊन या, मग बोलू.

आता कागद. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरा धोका इथे आहे.

आप्पांची गाडी अजून आप्पांच्याच नावावर असणार, तुमच्या पत्रात नाव बदलल्याचा उल्लेख नाही. मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची, असा नियम आहे. दोन वर्षं उलटली म्हणजे उशीर झालाच, पण काम होतं. मात्र मृत्युपत्र नसेल तर ही गाडी तुम्हा दोघा भावांची नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आई, तुम्ही, भाऊ आणि शिरपूरची ताई, चौघांचा तिच्यावर सारखा हक्क आहे. ताईला न विचारता तुम्ही फ्रेम कापायला निघाला होतात. पैशाच्या दृष्टीनं ही रक्कम फार मोठी नाही, पण घरं अशाच गोष्टींवरून अबोल होतात. आईची आणि ताईची संमती लेखी घ्या आणि गाडी एकाच्याच नावावर करा. नोंदणीची मुदतही बघा. 15 वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो.

नाव न बदलता गाडी रस्त्यावर काढली तर आणखी एक भोक आहे. मालक-चालकासाठी जे 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं ते नोंदणीकृत मालकाला मिळतं. नोंदणी पुस्तकावर आप्पांचं नाव असताना तुम्हाला काही झालं तर ते तुमच्या बायकोच्या हाती येणार नाही.

आणि कापाकापी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. तुमचा कारागीर मागचा हूप (फ्रेमचा सीटखालचा वळलेला भाग) कापून नवा वेल्ड करणार आहे, म्हणजे थेट सांगाड्यालाच हात. अपघात झाला आणि सर्व्हेयरनं तो वेल्ड पाहिला, तर विमा कंपनीला दावा अडवायला आयतं कारण मिळतं. ‘सगळेच करतात, पोलीस काही बोलत नाहीत’ हे मला माहीत आहे. पोलीस बोलत नाहीत, दावा विभाग बोलतो.

उलट बाजूही ऐका. जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चेसिस आणि इंजिनात मोठे फेरबदल नसलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. फी 20 हजार, मुदत दहा वर्षं, व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर. मग ती रोज वापरता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच काढता येते, त्यामुळे तसं कराच असं मी म्हणत नाही. पण आप्पांची गाडी 2029 मध्ये त्या उंबरठ्यावर येते आणि ग्राइंडर एकदा फिरला की तो दरवाजा कायमचा बंद होतो. साडेतीन लाखांत तुम्हाला दुसऱ्या कितीतरी गाड्या मिळतील, 1979 ची आप्पांची गाडी मिळणार नाही. चोपड्यातल्या तुमच्या नेहमीच्या मेकॅनिककडून इंजिन, वायरिंग, टायर, ब्रेक असा मूळ रूपातल्या दुरुस्तीचा आकडा काढा. 65 हजारांची मर्यादा घाला आणि तिच्यावर जाऊ नका. तिचा थर्ड पार्टी विमा वर्षाला 1,366 रुपये अधिक कर, एवढाच आहे.

भावाच्या जीटीबद्दल. खरं सांगू, नुसता पैशाचा विचार केला तर त्याचा पर्याय तुमच्यापेक्षा शहाणपणाचा आहे. गाडी कायदेशीर, वॉरंटी आहे, विमा सरळ, आणि उद्या विकायची झाली तर बाजारात तिला ओळख आहे. पण वेळ महाग निवडलीय. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि 350 च्या वरच्यांवरचा, सेस धरून 31 होता, तो 40 टक्के. म्हणजे 648 सीसीच्या जीटीवर सरकार आता छोट्या गाडीच्या दुपटीहून जास्त दरानं कर घेतं. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमाच 15,117 अधिक कर. उरलेल्या 2 लाख 70 हजारांचं तीन वर्षांचं कर्ज 11 टक्क्यांनी धरलं तर हप्ता साधारण 8,840 आणि व्याज 48 हजारांच्या घरात. 46 हजारांतून भाडं आणि हप्ता गेला की 26 हजार उरतात, त्यात पुण्याकडचं जगणं आणि समोर लग्न. गाडी त्याची, हौस त्याची, तर पैसेही त्याचेच असू द्या. वर्षभर दरमहा 8,840 वेगळ्या खात्यात टाकून दाखव म्हणावं. जमलं तर लाखाच्या वर डाऊन पेमेंट तयार होईल आणि मग मी त्याला अडवणार नाही. नाही जमलं तर उत्तर त्यालाच मिळेल.

आता साडेतीन लाख कुठे जावेत. सात एकर केळीवाल्या घराकडे वर्षभराचा घरखर्च हाताशी हवा. मे-जूनच्या एका वादळात निसवलेली (घड लागलेली) बाग आडवी होते, केळीचा बोर्डाचा (जाहीर होणारा) भाव आठवड्यात कोसळतो आणि फळपीक विम्याचे पैसे तुमच्या सोयीनं येत नाहीत. दीड लाख मुदत ठेवीत टाका, सहा-सहा महिन्यांच्या दोन पावत्या करा, म्हणजे अडीअडचणीला एकच मोडता येईल. 25 हजार विम्यासाठी ठेवा. तुम्हाला चार वर्षांची मुलगी आहे आणि पत्रात मुदत विम्याचा (टर्म इन्शुरन्सचा) शब्दही नाही, हे मला बुलेटपेक्षा जास्त खटकलं. ज्या दिवशी जीटी महागली त्याच दिवसापासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झालाय, तेव्हा आता सबब नको. 65 हजार आप्पांच्या गाडीला. राहिले 1 लाख 10 हजार, ते दोघांना 55-55 हजार, हौसेसाठी. त्यातला रुपया कसा खर्चला हे एकानं दुसऱ्याला विचारायचं नाही.

पीककर्जावर एवढंच : तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडणाऱ्याला केंद्र आणि राज्याच्या सवलतींमुळे ते बिनव्याजी पडतं. ही सवलत बागेसाठी आहे. ते पैसे गाडीत अडकले, फेडायची तारीख चुकली, की सवलत जाते आणि पुढच्या लागवडीला रोपं, ठिबक, खतं उसनवारीवर आणावी लागतात.

तुमची हौस मारा असं मी म्हणत नाही. पुढच्या मृगबागेचे (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीचे) पैसे आले की 55 हजारांत भर घालून एखादी जुनी, कागदपत्रं स्वच्छ असलेली 350 स्वतःच्या नावावर घ्या. तिला वाटल्यास हँडल आणि सीट बदला, पण नट-बोल्टवर, कापाकापीशिवाय, मूळ भाग पोत्यात जपून, आणि विमा कंपनीला कळवून. रंग बदललात तर आरटीओच्या पुस्तकावरही चढवा. एकेरी सीटवर बायको-मुलगी बसणार नाहीत, म्हणजे घरची दुचाकी विकता येणार नाही. तो खर्चही तुमच्याच हौसेच्या खात्यात धरा.

नाशिकच्या कारागिराला मात्र नुसतं ‘नको’ म्हणून फोन ठेवू नका. तुमच्या भांडणापायी त्यानं दोनदा चित्रं काढली, दोनदा हिशोब केला. त्याची मजुरी विचारा, दोन-तीन हजार म्हणाला तर द्या, आणि दोन्ही चित्रं मागून घ्या.