बिल भरलं, तरी लिमिट का वाढेना?

पहिलंच क्रेडिट कार्ड आहे, त्यामुळे धसका बसणारच. पण पैसे बुडालेले नाहीत. लिमिट 50,000, बिल 40,000 भरलंत, तरी ॲपमध्ये उपलब्ध लिमिट, म्हणजे अजून खर्च करता येणारी रक्कम, 10,000 च दिसते. भरणा जमा होणं वेगळं, लिमिट मोकळी होणं वेगळं. रक्कम मोठी असली किंवा चेक दिला असला, की बँक कधीकधी काही दिवस होल्ड ठेवते, म्हणजे तेवढी लिमिट अडकवून ठेवते. आकडा हलत नाही म्हणून घाईने दुसऱ्यांदा भरू नका. नवखे हमखास हेच करतात. पावती जपा आणि थांबा.

दुसरा होल्ड हॉटेलचा. तारकर्लीला चेक-इन करताना 5,000 अनामत कार्डावर घेतली, तर ती बिलात येत नाही, पण तेवढी लिमिट अडकते. निघताना खोलीचे पैसे यूपीआयने देणार असाल तर काउंटरवरच सांगा, "कार्डावरचा होल्ड सोडा." सांगूनही लिमिट परत यायला काही दिवस लागू शकतात.

सध्या एवढंच:
- गणपतीची खरेदी कार्डावर करायची तर बिल आठवडाभर आधीच भरा.
- स्वाइप करण्यापूर्वी एकूण नव्हे, उपलब्ध लिमिट बघा.

ईएमआय, रोख उचल वगैरे नंतर बघू. चार-पाच दिवसांत फरक पडला नाही, तर व्यवहार क्रमांक घेऊन बँकेला फोन लावा.