एअर फ्रायरमधले फ्रेंच फ्राइज मऊ का पडतात?

प्रश्न : फ्राइज कडांना काळपट होतात, मधे मात्र लिबलिबीत राहतात. २००° वर २० मिनिटे ठेवते. काय चुकते?

उत्तर : दोन्ही दोषांची सुरुवात बटाट्यापासून होते. नव्या, पातळ सालीच्या बटाट्यात पाणी जास्त, म्हणून फ्राइज मऊ पडतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तीच आधी करपते. जुना, टणक, फ्रिजबाहेर ठेवलेला बटाटा घ्या. 'चिप्सोना' ही वेफर्ससाठीची बटाट्याची जात मिळाली तर उत्तमच.

अर्धा किलो बटाट्याच्या १ सेंमी जाडीच्या सारख्या फोडी करा. जाड-बारीक झाल्या की बारीक आधी जळतात. गार पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी दुधासारखे गढूळ झाले की बदला. मग सुती पंच्यावर पसरून अगदी कोरड्या करा. ही पायरी टाळूच नका, कारण ओल राहिली तर फोडी आधी वाफेवर शिजतात. आता १ मोठा चमचा तेल चोळा. मीठ सगळ्यात शेवटी, नाहीतर पाणी सुटते.

थेट २००° नको. आधी १६०° वर १२ मिनिटे, म्हणजे आतून शिजतील. बास्केट हलवा, मग २००° वर ८ ते १० मिनिटे. फोडी एकाच थरात हव्यात. ढीग केला तर गरम हवा फिरत नाही. चार माणसांसाठी दोन घाणे करा. हलवताना खडखड आवाज आला की झाल्या.