कोल्हापुरात फ्लॅट घेतोय, घरचे म्हणतात "ती वस्ती जवळ आहे, चोऱ्या होतात." ऐकावं का?
घरच्यांना एकच विचारा: शेवटची चोरी कधी आणि कुणाकडं झाली? आम्ही विचारलं तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. भीती चोरीची नव्हतीच, शेजारच्या आडनावांची होती. शाहू महाराज ज्या गावात तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा प्यायला जात, त्या गावात हे ऐकून फार वाईट वाटतं.

अमेरिकेत शिकागो, सिएटल, बाल्टिमोरच्या माहितीवर क्विलियन आणि पेजर या समाजशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं की, वस्तीत तरुण कृष्णवर्णीय पुरुष जास्त असले की गुन्हेगारी तेवढीच असूनही लोकांना ती जास्त वाटते. आपल्याकडं रंगाच्या जागी जात-धर्म येतो.

रात्री साडेदहाला त्या गल्लीतनं चालत जा. आम्ही गेलो तेव्हा बायका उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेल्या, क्लासवरनं आलेल्या पोरी सायकली लावत होत्या. अंधार होता तो आमच्याच अपार्टमेंटच्या मागच्या बोळात. दिवा बंद!

महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर पोलीस ठाण्यानुसार एफआयआर बघता येतात, तेही चाळा. आणि पार्किंगला दिवा, वॉचमन आहे का ते बघून मगच टोकन द्या.