ग्राफीनचा पापुद्रा की पडदा?

प्रश्न असा आहे: ग्राफीनपासून, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या थरापासून, हवेचा दाब मोजणारे चिमुकले सेन्सर बनवतात, त्यांच्याबद्दल लिहिताना 'ग्राफीनचा पापुद्रा' म्हणावे की 'पडदा'? आणि 'दाब' की 'दबाव'?

दुसरे आधी घेतो, ते लगेच मिटते. दाब. हवेचा, पाण्याचा, रक्ताचा तो दाब. दबाव माणसे माणसांवर आणतात. 'दबावामुळे ग्राफीन वाकते' हे कानाला खटकतेच.

पापुद्रा आणि पडदा मात्र मला दोन्ही हवेत, आपापल्या जागी. पापुद्रा सुटतो किंवा सोलून निघतो: भाकरीचा, अभ्रकाचा, कांद्याचा. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलत सोलत एका अणूच्या जाडीपर्यंत आणला. ते काम २००४ साली प्रसिद्ध झाले, २०१० साली त्याला नोबेल मिळाले. असे सोलून निघालेले ग्राफीन म्हणजे पापुद्राच, याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

सेन्सरमध्ये त्याचे काम पालटते. सिलिकॉनच्या चिपवर काही मायक्रोमीटर रुंदीचा खळगा कोरतात आणि आत हवा कोंडून वर ग्राफीन बसवतात. बाहेरचा दाब उतरला की आतली हवा ग्राफीनला वर फुगवते. ग्राफीन ताणले जाते, ताणले की त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि तो बदल मोजला की दाब कळतो. स्टॉकहोमच्या केटीएच तंत्रविद्यापीठात २०१३ साली हे करून दाखवले गेले. इथे ग्राफीन कडांना घट्ट धरलेले आहे, दोन बाजूंच्या दाबांमध्ये ताणलेले. हेच आपल्या कानात घडते. घाट चढताना दडे बसतात ते पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडल्यामुळे. म्हणून इथे 'पडदा'.

कोणी म्हणेल, तव्यावरच्या भाकरीचा पापुद्राही आतल्या वाफेने फुगतोच. खरे आहे, आणि समजावून सांगताना मी हाच दाखला देईन. पण तो पापुद्रा जरा टोचला की फस्सकन वाफ जाते, शब्दातही तो फाटकेपणा आहे. ग्राफीनच्या धड पडद्यातून हेलियमसुद्धा निसटत नाही, म्हणून तर कोंडलेली हवा कोंडलेली राहते.

थोडक्यात लिहायचे तर: 'ग्रॅफाइटचा पापुद्रा सोलून खळग्यावर त्याचा पडदा बसवला.' परिभाषेतले 'पटल' चूक नाही, पण ते वाचून फुगणारे काही डोळ्यांसमोर येत नाही.