जागा सोडू नकोस

प्रिय बाय,

तुझं पत्र वाचलं. सणाच्या दिवशी कुणी तरी ‘ही फार पुढे पुढे करते’ म्हणालं, आणि तू युवा मंडळाचं अध्यक्षपद सोडायला निघालीस. वर लिहितेस, ‘पदाशिवाय मागे राहून सेवा करीन, ख्रिस्ताला तेच आवडेल.’ कशावरून?

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढ. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी आपण तो दर वर्षी ऐकतो, आणि लक्षात राहतं ते घंगाळ नि टॉवेल. त्याच्या आधीची ओळ वाच. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, हे ठाऊक असताना येशू भोजनावरून उठला आणि शिष्यांच्या पायांशी वाकला. पाय धुऊन झाल्यावर तो दाराशी जाऊन बसला नाही. वस्त्रं चढवली, पुन्हा आपल्या जागी बसला आणि म्हणाला, मला गुरू आणि प्रभू म्हणता ते योग्यच आहे. जागा सोडली नाही, बाय.

त्या खोलीत नम्र दिसणारं वाक्य बोलला तो शिष्य पेत्र. माझे पाय तू कधीच धुणार नाहीस, म्हणाला. ऐकायला किती गोड! पण प्रभूने तिथेच त्याला थांबवलं. तुझ्या पत्रात मला तोच पेत्र दिसला, म्हणून राग आला.

लूकचं शुभवर्तमान सांगतं, त्याच भोजनात ‘आपल्यात मोठा कोण’ यावरून शिष्यांची जुंपली. तेव्हाही प्रभूने पुढारीच नको असं सांगितलं नाही. पुढाऱ्याने सेवकासारखं व्हावं, एवढं सांगितलं. पाचूबंदरच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, जाळ्याला हात लावतो, हात रक्ताळून घेतो. पण म्हणून सुकाणू वाऱ्यावर सोडत नाही.

आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया घे. जन्म १५५७च्या सुमाराचा. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. फ्रान्सिस्कन या संन्याशांच्या संघात साधा ब्रदर राहिला. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे त्याच्या संघाचे लोक गेले तेव्हा दुभाषी हाच. ‘मी लहान माणूस, दुसऱ्याला पाठवा’ म्हणाला असता तर? ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं, त्यांत तो होता. तिथेही जागा सोडली नाही.

माझ्या बरोबरीचे दोघे चांगले गडी असेच नम्रपणे बाजूला झाले. मी विनवण्या केल्या, ऐकलं नाही. मग त्यांच्या जागी कोण आले आणि गरिबांसाठीच्या पैशांचं काय झालं, ते गावाला ठाऊक आहे. ती सल अजून जात नाही. माझ्याबद्दलही लोक म्हणायचे, याची खुर्ची सुटत नाही. नाहीच सोडली. यादीतल्या म्हाताऱ्यांची औषधं दर महिन्याला पोचायला हवी होती, आणि पावसात चिखल तुडवत ती घेऊन जाणारा दुसरा कुणी पुढे येत नव्हता. आला असता तर त्याच दिवशी किल्ल्या दिल्या असत्या. हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन.

तुला लागलं असेल, समजतं. तुझ्या वयात असा टोमणा रात्रभर झोपू देत नाही. पण प्रभूने आपल्याला पकडून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले, आणि त्याच्या मनात काय आहे ते माहीत असून धुतले. तू एका टोमण्याने मंडळ सोडतेस?

रविवारच्या मीटिंगला ये. सणाचा हिशेब तूच मांड, पावत्यांसकट. टोमणा मारणाऱ्यालाच तो तपासायला बसव, आणि खोट काढली तर ऐकून घे. हॉलच्या मागचे संडास अजून तसेच आहेत म्हणे. ते काम दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, बादली घेऊन आधी तू जा. मग येऊन अध्यक्षाच्या खुर्चीत बस. आणि नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याचं काम कुणाकडे द्यायचं ते त्याच मीटिंगमध्ये ठरवा, मागच्या वर्षी फार उशीर झाला होता.

तुझा,
काका